चमचा

रॉलिन्सला सामान भरताना ऑरिन दोनदा म्हणाला, "चमचा."
डाव्या हाताचं बोट ट्रेलरच्या मागच्या कप्प्याकडे.
मी ड्रॉवर उघडून चमचा दिला.
त्यानं तो माझ्याच अंगावर फेकला.

झटका आल्यापासून त्याच्या तोंडी शब्द येतात ते
दुसऱ्याच कुणाचा कोट घालून.
मला हाक मारायची असली की "कुंपण" म्हणतो.
नातवाला "साबण".
मी चमचा उचलला, पुसला, आणि निघालो.

बेचाळीस वर्षं तो चालवायचा, मी नकाशा धरायचे.
आता मी चालवते, नकाशा कुणीच धरत नाही.
रस्ता सरळ लारमीला जातो
आणि तिथं एक गिऱ्हाईक ट्रेलरसाठी
रोख पैसे मोजून बसलंय.

पाटीवर दिवे लुकलुकत होते:
झोत पंचावन्न मैलांचे, हलक्या ट्रेलरनी जाऊ नये.
हलका म्हणजे किती?
माझ्या मागे चोवीस फूट, दोन पलंग, एक फ्रीज,
शिवाय त्याच्या अवजारांच्या तीन पेट्या,
विकताना सोबत देऊन टाकू म्हणून
मीच मागच्या कप्प्यात रचलेल्या.

इकडे वारा येत-जात नाही, राहतो.
एल्क माउंटनच्या वळणावर त्यानं उजवीकडून खांदा लावला.
मी पासष्टवर होते. पंचावन्नही जास्तच झालं असतं.
डावीकडून एक लांबलचक ट्रक आला,
आधी त्यानं ढकललं, मग ओढून घेतलं,
आणि आरशात ट्रेलरचं शेपूट दिसलं
डावीकडे,
मग उजवीकडे,
मग आणखी डावीकडे.

वारा प्यालेलं वासरू.
नऊ वर्षांची असताना असंच एक माझ्या हाती होतं,
कासरा मनगटाला गुंडाळलेला,
वडील ओरडत होते, ढील दे, ढील दे,
आणि मी आवळत चालले होते.

पाय ब्रेककडे गेला.

"कुंपण!"
वर्षभरातला त्याचा सगळ्यात स्वच्छ आवाज.
डावा हात माझ्या गुडघ्यावरून पुढे आला,
डॅशबोर्डखालच्या त्या चिमुकल्या पेटीपर्यंत,
आणि अंगठ्यानं त्यानं ट्रेलरच्या ब्रेकची पट्टी सरकवली,
हळू, लोण्यातून सुरी जावी तशी.
आमच्या गाडीचा ब्रेक नाही. मागच्याचा, फक्त मागच्याचा.
मी पाय सैल सोडला. स्टिअरिंग सरळ धरलं,
धरलं कसलं, त्याच्याशी भांडायचं थांबले.
कासरा ताठ झाला. वासरू एकदा डोललं,
मग अर्धं,
मग मुकाट मागे.

आर्लिंग्टनला पंपामागे लावला, नाक वाऱ्याकडे.
वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात,
पण ट्रेलरला पाठ नसते, नुसती कूस असते.
उतरताना दार हातातून निसटलं, बिजागरी कण्हली.
मागचा कप्पा उघडला.
अडीचशे पौंड लोखंड,
चाकांच्या कितीतरी मागे, अगदी शेवटाला.

कदाचित त्याला पेटी म्हणायचं असेल.
कदाचित खरंच चमचा:
दांडी माझ्या हातात,
वजन सगळं दुसऱ्या टोकाला.

एकेक पेटी ओढत मी चाकांच्या पुढे आणली,
जरा जास्तच पुढे.
काचेपलीकडून त्याचं बोट हललं.
मागे. मागे. बस्स.

गिऱ्हाइकाला फोन केला, म्हटलं वारा आहे.
"किती वाजता थांबेल?"
तुम्ही इकडचे नाही वाटतं, मी म्हटलं.

रात्री सूप गरम केलं.
ट्रेलर स्प्रिंगांवर कुरकुरत होता, दिवा हलत होता,
ऑरिननं डावा हात पुढे केला.
"मंगळवार," म्हणाला.

मी चमचा दिला.